वैयक्तिक अर्थव्यवस्थापन आज्ञावलीतील खातेजुळवणी : व्याज आणि क्रेडिट कार्ड भरण्याच्या नोंदींचे विवेचन

प्रस्तावना

कुटुंबाचा हिशेब ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. रोजकीर्द लिहिणे आणि तीवरून खतावणी करणे ही कामे पेढीवर होत असत, तर घरात गृहिणीची खर्चाची वही असे. या वहीत रोख रक्कम आणि खर्च यांचा मेळ घालणे तुलनेने सोपे होते, कारण व्यवहार होताच पैसा हातातून जात असे. बँकेतील खाते, मुदत ठेव, धनादेश आणि क्रेडिट कार्ड यांचा घरगुती व्यवहारात प्रवेश झाल्यानंतर ही स्थिती पालटली. आज खर्च एका दिवशी होतो, त्याचे पत्रक दुसऱ्या दिवशी निघते, पैसे तिसऱ्या दिवशी भरले जातात आणि त्यावरील व्याज त्यानंतरच्या पत्रकात दिसते. व्यवहार आणि पैसा यांच्यामध्ये पडलेल्या या कालांतरामुळे घरगुती हिशेबालाही जुळवणीची गरज निर्माण झाली.

ही गरज भागविण्यासाठी वैयक्तिक अर्थव्यवस्थापनाच्या संगणकीय आज्ञावली उपलब्ध आहेत. क्विकन ही या क्षेत्रातील जुनी आज्ञावली होय. मायक्रोसॉफ्ट मनी या आज्ञावलीची विक्री २००९ मध्ये बंद झाली. ग्नूकॅश ही १९९७ मध्ये आरंभ झालेली मुक्त आज्ञावली असून ती विनामूल्य मिळते व द्विनोंदी पद्धतीवर आधारलेली आहे. या कारणांमुळे प्रस्तुत लेखात तिचाच आधार घेतला आहे. मात्र येथे मांडलेली तत्त्वे कोणत्याही आज्ञावलीस, किंबहुना कागदी वहीसही लागू पडतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. खातेजुळवणीची संकल्पना घरगुती हिशेबाच्या संदर्भात स्पष्ट करणे.
२. बचत खाते व मुदत ठेव यांवरील व्याजाची योग्य नोंद दाखविणे.
३. क्रेडिट कार्डावरील व्याज आणि कार्डाचा भरणा यांचा जुळवणीतील क्रम व त्यामागील कारण विशद करणे.
४. जुळवणीत फरक उरल्यास करावयाची तपासणी सुचविणे.

द्विनोंदी पद्धती आणि घरगुती खाती

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले. प्रत्येक व्यवहाराचे दोन परिणाम असतात आणि नावे बाजूची बेरीज जमा बाजूच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. व्यापारी पेढीसाठी विकसित झालेले हे तत्त्व कुटुंबालाही तितकेच उपयुक्त आहे.

घरगुती हिशेबात सामान्यतः चार प्रकारची खाती पुरेशी होतात. हाती असलेली रोख, बचत खाते व मुदत ठेवी ही मालमत्तेची खाती होत. क्रेडिट कार्ड व कर्जे ही देयतेची खाती होत. वेतन व मिळालेले व्याज ही उत्पन्नाची, तर किराणा, औषधे, बँक शुल्क व दिलेले व्याज ही खर्चाची खाती होत. आरंभीच्या शिलकीसाठी भांडवल खाते वापरले जाते.

या वर्गीकरणात क्रेडिट कार्डाचे स्थान विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अनेक कुटुंबांत कार्ड हे पैशाचे साधन मानले जाते. लेखाशास्त्राच्या दृष्टीने ते बँकेचे देणे आहे. कार्डाने खरेदी करताना खर्च वाढतो आणि देणे वाढते. कार्डाचे पैसे भरताना देणे कमी होते आणि बचत खात्यातील शिल्लक कमी होते. या दुसऱ्या व्यवहारात कोणताही नवा खर्च होत नाही. हा भेद न कळल्यास पुढील सर्व जुळवणी निष्फळ ठरते.

जुळवणीची संकल्पना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना बँक जुळवणी पत्रक परिचित असते. रोकड पुस्तकातील बँक शिल्लक आणि पासपुस्तकातील शिल्लक यांत एकाच दिवशी फरक का पडतो, याची कारणे त्यात नोंदविली जातात. फरकाची कारणे दोन वर्गांत मोडतात. पहिल्या वर्गात केवळ वेळेचा फरक असतो. दिलेला धनादेश अद्याप वटविण्यासाठी सादर झालेला नसतो, किंवा भरलेला धनादेश अद्याप जमा झालेला नसतो. दुसऱ्या वर्गात बँकेने परस्पर केलेल्या नोंदी येतात. जमा केलेले व्याज, आकारलेले शुल्क आणि कापलेला कर यांची माहिती ग्राहकाला पत्रक पाहिल्यावरच मिळते.

या दोन वर्गांवरील उपाय भिन्न आहेत. पहिल्या वर्गातील फरकासाठी पुस्तकात काहीही बदल करावयाचा नसतो. काही दिवसांत तो आपोआप नाहीसा होतो. दुसऱ्या वर्गातील फरकासाठी मात्र पुस्तकात नवी नोंद करावीच लागते. व्याज हे या दुसऱ्या वर्गाचे प्रमुख उदाहरण आहे.

ग्नूकॅशमध्ये प्रत्येक नोंदीच्या प्रत्येक बाजूस जुळवणीचे स्वतंत्र चिन्ह असते. नव्या नोंदीस 'एन', बँकेत पोहोचल्याचे समजलेल्या नोंदीस 'सी' आणि पत्रकाशी पडताळून पूर्ण झालेल्या नोंदीस 'वाय' असे चिन्ह लागते. जुळवणीच्या आरंभी आज्ञावली पत्रकाची तारीख व अखेरची शिल्लक विचारते. आरंभीची शिल्लक ती पूर्वी जुळविलेल्या नोंदींवरून स्वतः दाखविते. त्यानंतर पत्रकातील प्रत्येक ओळ पाहून पुस्तकातील संबंधित नोंदीवर खूण करावयाची असते. फरकाच्या रकान्यात शून्य आले म्हणजे जुळवणी पूर्ण झाली.

चिन्ह नोंदीच्या प्रत्येक बाजूस स्वतंत्र असते, ही बाब क्षुल्लक नाही. बचत खात्यातून कार्डाचे पैसे भरले असता एकच नोंद दोन खात्यांत दिसते. बचत खात्याच्या पत्रकाशी तिची एक बाजू सप्टेंबरअखेर जुळविली जाईल, तर दुसरी बाजू कार्डाच्या वेगळ्या तारखेच्या पत्रकाशी जुळविली जाईल. एकाच नोंदीची अशी दोनदा आणि स्वतंत्रपणे पडताळणी होणे हे द्विनोंदी पद्धतीचे मोठे बळ आहे.

बचत खात्यावरील व्याज

भारतात बचत खात्यावरील व्याजाच्या गणनेत २०१० मध्ये महत्त्वाचा बदल झाला. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात असलेल्या किमान शिलकीवर व्याज मिळत असे. महिन्याच्या उत्तरार्धात एक दिवस जरी मोठी रक्कम काढली तरी त्या महिन्याचे व्याज बुडे. १ एप्रिल २०१० पासून दैनिक शिलकीवर व्याज मोजले जाऊ लागले. पुढे २५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत ठेवींचे व्याजदर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले. त्यामुळे दर बँकेनुसार निराळे झाले आणि व्याजाची रक्कम अंदाजाने लिहिणे अधिकच अयोग्य ठरले.

गणना समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका कुटुंबाच्या बचत खात्यात जुलैचे ३१ दिवस रु. ६०,०००, ऑगस्टचे ३१ दिवस रु. ४५,००० आणि सप्टेंबरचे ३० दिवस रु. ७५,००० शिल्लक होती. व्याजदर वार्षिक ३ टक्के आणि व्याज तिमाही जमा होते असे मानू. शिल्लक व दिवस यांचे गुणाकार अनुक्रमे १८,६०,०००, १३,९५,००० व २२,५०,००० येतात. त्यांची बेरीज ५५,०५,००० होते. तिला ३ टक्क्यांनी गुणून ३६५ ने भागल्यास रु. ४५२.४७ येतात. जवळच्या रुपयात रूपांतर केल्यास बँक रु. ४५२ जमा करील.

आता जुळवणी पाहू. ३१ ऑगस्टपर्यंत हे खाते जुळविलेले असून शिल्लक रु. ४५,००० होती. १ सप्टेंबरला रु. ३०,००० वेतन जमा झाले. २८ सप्टेंबरला रु. ३,५०० चा धनादेश दिला, तो महिनाअखेरपर्यंत सादर झाला नाही. पुस्तकानुसार ३० सप्टेंबरची शिल्लक रु. ७१,५०० आहे. बँकेचे पत्रक मात्र रु. ७५,४३४.३० दाखविते. पत्रकात रु. ४५२ व्याज जमा आहे आणि लघुसंदेश सेवेचे शुल्क १५ रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून रु. १७.७० वजा आहेत.

या ठिकाणी दोन नोंदी कराव्या लागतात. पहिली, बचत खाते नावे रु. ४५२, व्याज उत्पन्न खाते जमा रु. ४५२. दुसरी, बँक शुल्क खाते नावे रु. १७.७०, बचत खाते जमा रु. १७.७०. या नोंदींनंतर पुस्तकातील शिल्लक रु. ७१,९३४.३० होते. पत्रकापेक्षा ती रु. ३,५०० ने कमी आहे आणि हा फरक न वटलेल्या धनादेशाचा आहे. आज्ञावलीत त्या धनादेशावर खूण न केल्यास जुळविलेली शिल्लक ४५,००० + ३०,००० + ४५२ − १७.७०, म्हणजे बरोबर रु. ७५,४३४.३० येते आणि फरक शून्य होतो. धनादेश पुढील महिन्याच्या जुळवणीसाठी शिल्लक राहतो.

व्याज आणि शुल्क यांची एकत्रित निव्वळ रक्कम, म्हणजे रु. ४३४.३०, एकाच नोंदीने लिहिण्याचा मोह होतो. शिल्लक त्यानेही जुळेल. परंतु त्यामुळे उत्पन्न कमी दिसते आणि बँक आकारीत असलेले शुल्क दृष्टीआड होते. बचत खात्यावरील व्याज हे आयकर विवरणपत्रात दाखवावयाचे उत्पन्न आहे. म्हणून ते पूर्ण रकमेने नोंदविणे आवश्यक ठरते.

मुदत ठेवीवरील व्याज आणि करकपात

निव्वळ रकमेच्या नोंदीतील हा दोष मुदत ठेवीच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. समजा, एका ठेवीवर वर्षाचे रु. ६०,००० व्याज झाले आणि बँकेने १० टक्के दराने रु. ६,००० कर मुळातून कापून रु. ५४,००० बचत खात्यात जमा केले. पत्रकात केवळ ५४,००० चा आकडा दिसू शकतो. तेवढीच नोंद केल्यास शिल्लक जुळते, परंतु उत्पन्न सहा हजारांनी कमी नोंदविले जाते आणि कापला गेलेला कर, जो अंतिम करदेयतेतून वजा होणार आहे किंवा परत मिळणार आहे, तो पुस्तकात कोठेच राहत नाही.

योग्य नोंद तीन बाजूंची आहे. बचत खाते नावे रु. ५४,०००, कापलेला कर हे मालमत्तेचे खाते नावे रु. ६,०००, आणि व्याज उत्पन्न खाते जमा रु. ६०,०००. ज्या निवृत्त व्यक्तींचे मुख्य उत्पन्न ठेवींचे व्याज हेच असते, त्यांच्यासाठी ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. जुळवणीने केवळ शिलकीची खात्री होते, उत्पन्नाच्या वर्गीकरणाची होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

क्रेडिट कार्ड : खर्च केव्हा झाला?

कार्डाच्या नोंदीत घरगुती पातळीवर दोन प्रकारच्या चुका आढळतात. पहिल्या प्रकारात खरेदीची नोंद होत नाही आणि महिन्याचा भरणा 'कार्ड खर्च' या एकाच नावाने लिहिला जातो. त्यामुळे किराणा किती, औषधे किती, व्याज किती हे कळत नाही. दुसऱ्या प्रकारात खरेदीच्या दिवशी खर्च नोंदविला जातो आणि भरण्याच्या दिवशी पुन्हा खर्च नोंदविला जातो. अशा कुटुंबाचा खर्च कागदावर वाढतो आणि कार्डाचे देणे कागदावर कधीच फिटत नाही.

योग्य पद्धतीत खरेदीच्या दिवशी खर्च खाते नावे व कार्ड खाते जमा होते. भरण्याच्या दिवशी कार्ड खाते नावे व बचत खाते जमा होते. डेबिट कार्डाच्या बाबतीत मात्र मध्ये देणे निर्माण होत नाही. तेथे खर्च खाते नावे व बचत खाते जमा अशी एकच नोंद पुरते. २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानातील लहान रकमाही कार्डाच्या पत्रकात येऊ लागल्या आहेत. बचत खात्यातून केलेला यूपीआय भरणा आणि कार्डातून केलेला यूपीआय भरणा दूरध्वनीच्या पडद्यावर सारखाच दिसतो, पण त्यांच्या नोंदी भिन्न आहेत.

कार्डावरील व्याजाची रचना

पत्रकातील पूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत भरल्यास खरेदीवर व्याज लागत नाही. पूर्ण रक्कम न भरल्यास ही व्याजमुक्त मुदत हातची जाते. मग थकीत रकमेवर व्याज देय तारखेपासून न लागता खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावर काढलेल्या रोख रकमेस सामान्यतः व्याजमुक्त मुदत नसतेच. किमान देय रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

उदाहरणार्थ, एका कार्डाचे पत्रक दर महिन्याच्या १५ तारखेस निघते. २५ जुलैला रु. २०,००० चे धुलाई यंत्र घेतले. १५ ऑगस्टच्या पत्रकात तेवढी रक्कम देय असून देय तारीख ४ सप्टेंबर आहे. त्या दिवशी कुटुंबाने रु. १५,००० भरले. ६ सप्टेंबरला रु. ४,००० चा किराणा घेतला. व्याजदर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के धरला आहे. गणनेची पद्धत कार्डाच्या अटींनुसार बदलू शकते. येथे भरणा वजा जाता उरलेल्या रकमेवर व्याज मोजले आहे.

उरलेल्या रु. ५,००० वर २५ जुलै ते १५ सप्टेंबर असे ५३ दिवसांचे व्याज रु. ३०४.९३ होते. नव्या रु. ४,००० वर ६ ते १५ सप्टेंबर असे १० दिवसांचे व्याज रु. ४६.०३ होते. एकूण व्याज रु. ३५०.९६ आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर रु. ६३.१७. १५ सप्टेंबरच्या पत्रकातील देय रक्कम २०,००० − १५,००० + ४,००० + ३५०.९६ + ६३.१७, म्हणजे रु. ९,४१४.१३ होते.

कुटुंबाच्या पुस्तकात मात्र देणे रु. ९,००० आहे. रु. ४१४.१३ चा हा फरक कोणत्याही विस्मृत खरेदीचा नाही. तो पैशाच्या किमतीचा आहे. त्यासाठी व्याज खर्च खाते नावे रु. ३५०.९६, व्याजावरील कर खाते नावे रु. ६३.१७ आणि कार्ड खाते जमा रु. ४१४.१३ अशी नोंद करावी लागते. कर वेगळा लिहिण्यामागे कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या कार्डविषयक निर्देशांत न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारू नये अशी तरतूद केली. व्याज, शुल्क आणि कर यांच्या रकमा स्वतंत्र खात्यांत असल्यासच ग्राहकाला पुढील पत्रकातील आकारणी तपासता येते.

व्याज आधी, भरणा नंतर

ग्नूकॅशमध्ये जुळवणीच्या संदर्भात दोन पर्याय दिलेले आहेत. पहिला पर्याय निवडल्यास व्याज देणाऱ्या वा आकारणाऱ्या खात्याची जुळवणी सुरू करण्यापूर्वी आज्ञावली व्याजाची नोंद विचारते. दुसरा पर्याय निवडल्यास कार्डाची जुळवणी पूर्ण झाल्यानंतर ती भरण्याची नोंद विचारते. एक प्रश्न आरंभी आणि दुसरा शेवटी का, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

व्याज हा पत्रकाचाच भाग असतो. पत्रकाच्या अखेरच्या शिलकीत ते समाविष्ट झालेले असते. म्हणून त्याची नोंद पुस्तकात असल्याशिवाय फरक शून्य होऊच शकत नाही. याउलट, पत्रकाचा भरणा पत्रक निघाल्यानंतर होतो. तो त्या पत्रकात असणे शक्यच नसते. वरील उदाहरणात १५ सप्टेंबरच्या पत्रकाशी जुळविताना ४ सप्टेंबरचा रु. १५,००० चा भरणा, रु. ४,००० ची खरेदी, व्याज आणि कर यांवर खूण होईल. ५ ऑक्टोबरला करावयाचा रु. ९,४१४.१३ चा भरणा मात्र पुढील पत्रकासाठी राहील. नवा भरणा याच पत्रकात जुळविण्याचा प्रयत्न केल्यास त्याच रकमेचा फरक पडतो आणि नवखा वापरकर्ता गोंधळतो.

या सोयी वापरताना चार गोष्टींचे भान ठेवणे इष्ट आहे.

अ) व्याजाची खिडकी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळविणारी असल्याने तिच्यात व्याज व कर यांची विभागणी होत नाही. कराची नोंद स्वतंत्रपणे करावी अथवा नंतर खतावणीत नोंद विभागावी.

आ) भरण्याची खिडकी केवळ हिशेबाची नोंद करते. प्रत्यक्ष पैसे ती भरत नाही. बँकेला दिलेली सूचना वा आदेश ही निराळी क्रिया आहे. पूर्ण रक्कम भरावयाची नसल्यास खिडकीतील आकडा बदलावा.

इ) बचत खात्याचे पत्रक संगणकीय धारिकेतून आयात केले जात असल्यास तोच भरणा दुसऱ्यांदा नोंदविला जाण्याचा संभव असतो. कार्डाच्या बाजूने केलेली नोंद बचत खात्यात आपोआप दिसते. ती पुन्हा लिहावयाची नसते.

ई) देयतेची शिल्लक धन की ऋण दाखवावी हे आज्ञावलीतील मांडणीवर अवलंबून असते. अखेरची शिल्लक लिहिताना खतावणीत दिसणाऱ्या चिन्हाशी सुसंगत आकडा लिहावा. फरक नेमका शिलकीच्या दुप्पट आल्यास चिन्हाची चूक झाली असे समजावे.

मागाहून येणारे व्याज

कार्डाच्या हिशेबातील सर्वांत फसवी बाब येथे आहे. वरील कुटुंबाने ५ ऑक्टोबरला पत्रकातील संपूर्ण रु. ९,४१४.१३ भरले आणि कार्ड वापरणे थांबविले. पुस्तकात कार्डाची शिल्लक शून्य झाली. परंतु १६ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या १९ दिवसांत थकीत रक्कम बँकेकडे देणे होतीच. केवळ खरेदीच्या रु. ९,००० वर व्याज धरले तरी ते रु. १९६.७७ होते आणि करासह रु. २३२.१९ होतात. ही रक्कम १५ ऑक्टोबरच्या पत्रकात येते.

देणे फिटले असे समजून ते पत्रक न उघडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम अस्तित्वातच नसते. बँकेच्या दृष्टीने ती थकबाकी असते. तीवर विलंब शुल्क लागू शकते आणि थकबाकीची माहिती पतविषयक माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडे जाऊ शकते. पुढे गृहकर्जाच्या वेळी दोनशे रुपयांची ही विसरलेली रक्कम अडचणीची ठरू शकते. म्हणून व्याज लागलेल्या कार्डाची जुळवणी, शून्य शिलकीचे पत्रक हाती येईपर्यंत दरमहा सुरू ठेवणे आवश्यक आहे. पुस्तकातील शून्य हा कुटुंबाचा अंदाज असतो. देणे खरोखर फिटल्याचा पुरावा बँकेच्या पत्रकातील शून्यच देते.

फरक उरल्यास करावयाची तपासणी

सर्व खुणा केल्यानंतरही फरक उरल्यास 'किरकोळ' या नावाने एक नोंद करून शिल्लक जुळविण्याकडे कल असतो. आज्ञावलीतही समायोजनाची नोंद करण्याची सोय असते. एकतर्फी राहिलेली रक्कम ग्नूकॅश 'असंतुलन' या खात्यात टाकते. अशा नोंदीने फरक दिसेनासा होतो, त्याचे कारण तसेच राहते. त्याऐवजी पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम आरंभीची शिल्लक मागील पत्रकाच्या अखेरच्या शिलकीशी पडताळावी. ती जुळत नसल्यास पूर्वी जुळविलेली एखादी नोंद बदलली वा पुसली गेलेली असते. त्यानंतर पत्रकातील व्याज, शुल्क व कर यांच्या सर्व ओळी पुस्तकात आहेत काय ते पाहावे. फरकाला २ ने भागून येणाऱ्या रकमेची नोंद शोधावी, कारण नावे-जमा बाजू उलट झाल्यास फरक दुप्पट येतो. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असल्यास दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. रु. ५४० ऐवजी रु. ४५० लिहिल्यास फरक ९० येतो. परत केलेल्या वस्तूंचा परतावा कार्डात जमा झाला काय आणि एकच खरेदी दोनदा नोंदविली गेली काय, हेही तपासावे.

एवढ्यानंतरही पत्रकात एखादी अनोळखी ओळ उरल्यास ती पुस्तकाची चूक नसून अनधिकृत व्यवहार असू शकतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे अशा इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व ठरविताना तक्रारीच्या वेळेस महत्त्व दिले. त्रयस्थाच्या कृत्यामुळे नुकसान झाले असता बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणाऱ्या ग्राहकाचे दायित्व शून्य, तर चार ते सात दिवसांत तक्रार करणाऱ्याचे मर्यादित ठेवण्यात आले. दिवसांच्या या हिशेबात वर्षातून एकदा केलेली जुळवणी निरुपयोगी ठरते. मासिक जुळवणीबरोबरच बँकेचे लघुसंदेश वेळच्या वेळी पाहणे त्यामुळे अगत्याचे आहे.

मर्यादा

जुळवणीने सर्व दोष उघड होत नाहीत. किराण्याचा खर्च औषधांच्या खात्यात लिहिला गेला तरी शिल्लक जुळते. बँकेने व्याज चुकीचे आकारले आणि ते तसेच नोंदविले तरीही शिल्लक जुळते. रोखीच्या व्यवहारांना पत्रकच नसते. यास्तव व्याजाची स्थूल गणना वर्षातून एकदोनदा स्वतः करून पाहणे हितावह आहे. तसेच खरेदी मासिक हप्त्यांत रूपांतरित केल्यास हप्त्यातील मुद्दल व व्याज वेगळे करूनच नोंद करावी, अन्यथा मुद्दलाचा खर्च दोनदा धरला जातो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. व्याज हा पत्रकाचा घटक असल्याने त्याची नोंद जुळवणीपूर्वी किंवा जुळवणीच्या वेळी झाली पाहिजे. कार्डाचा भरणा हा देण्याची परतफेड असल्याने तो खर्च म्हणून लिहू नये आणि तो पुढील पत्रकाशी जुळवावा. मिळालेले व्याज, कापलेला कर, दिलेले व्याज, शुल्क व त्यावरील कर यांच्या रकमा स्वतंत्र व पूर्ण नोंदवाव्यात. एकदा व्याज लागलेल्या कार्डाचे पत्रक शून्य होईपर्यंत तपासत राहावे.

संगणकीय आज्ञावली बेरीज-वजाबाकीचे श्रम वाचविते आणि योग्य वेळी योग्य प्रश्न विचारते. त्या प्रश्नांची उत्तरे मात्र पत्रक वाचणाऱ्या व्यक्तीलाच द्यावी लागतात. 'व्याज खर्च' या नावाचे एक स्वतंत्र खाते वर्षाअखेर उघडून पाहिले, तर उधारीची खरी किंमत कुटुंबाला प्रथमच एका आकड्यात दिसते. पुढील वर्षी कोणते देणे आधी फेडावयाचे, हा निर्णय त्या आकड्याच्या आधारे घेता येतो. महिन्यातून अर्धा तास जुळवणीस दिल्यास हा आकडा विश्वासार्ह राहतो.